मदत हवी आहे: होमगार्डमधून प्रादेशिक सेनेत जाता येतं का?

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या जिंतूर तालुक्यात होमगार्ड आहे. गणपती असो की निवडणूक, बंदोबस्ताला मन लावून उभा राहतो. गावात त्याला कुणीतरी सांगितलं, "होमगार्ड म्हणजे फौजच, पुढं पेन्शन मिळंल." मला हे पटत नाही. होमगार्ड १९४६ साली मुंबईत सुरू झालं, ते राज्याच्या गृह खात्याकडं. पैसे ड्युटीच्या दिवसांचेच. पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण आहे, ते ठाऊक आहे.

प्रादेशिक सेना वेगळी. १९४८ चा कायदा, संरक्षण मंत्रालयाचं नियंत्रण, अन् कामधंदा सांभाळून वर्षातून काही काळ वर्दी. शेती करणाऱ्या पोराला हेच जमंल असं वाटतं. तिथं होमगार्डचा अनुभव धरतात का? अन् प्रादेशिक सेनेच्याच संभाजीनगरच्या झाडं लावणाऱ्या इको बटालियनमध्ये माजी सैनिकच घेतात का? त्याचं वय निघून चाललंय. कुणी सेवेत असेल तर कृपया सांगा.