शब्दचर्चा : ‘स्मॉल टाउन हॉरर’ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ
आमच्या वाचनकट्ट्यासाठी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगवर टिपण लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. ‘स्मॉल टाउन हॉरर’ला मराठीत काय म्हणायचं? अमेरिकेच्या मेन राज्यातली एखादी पिटुकली वस्ती, एक चर्च, एक शाळा, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि तिथेच काहीतरी सडायला लागतं, ती कादंबरी. ‘ग्रामीण भयकथा’ लिहून पाहिलं, तर डोळ्यांसमोर मळा, विहीर आणि पिंपळावरचा मुंजा आला. ‘छोट्या शहरातील भयकथा’ हे तर निविदा सूचनेतलं वाटतं.

सातबारा
शब्द होता की आपल्याकडे. कसबा! जिथे बाजारपेठ ते कसबे, साधं खेडं ते मौजे. कागदोपत्री अजून ‘मौजे अमुक’ लिहितात. कसबे सुकेणे, कसबा बावडा ही नावं त्यातलीच. मूळ अरबी, पण पार मुरलेला. अर्थ चपखल बसतो, अडचण एवढीच की बोलण्यातून तो गेला. आज ‘कसबा’ म्हटलं की पुणेकराला गणपती आठवतो. भीती कसली वाटणार, डोंबल?

मधली सुट्टी
नुसतं ‘गाव’ का नको? मराठीत गाव जेवतं, गाव गोळा होतं, गाव नावं ठेवतं. या कादंबऱ्यांची सगळी गंमत तिथेच आहे. किंगच्या ‘इट’ कादंबरीतल्या डेरी नावाच्या गावात साधारण दर 27 वर्षांनी मुलं नाहीशी होऊ लागतात आणि मोठी माणसं मान फिरवतात. यावर ‘गाव गप्प बसलं’ हे तीन शब्द पुरेत. मुलं पळवणाऱ्या जोकरापेक्षा मला त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटते.

नारायण धारपांची ‘लुचाई’ ही भयकादंबरी मी नववीत वाचली. किंगच्या 1975 च्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली, हे तेव्हा कुठे ठाऊक! तालुक्याच्या वाचनालयातली प्रत, खाकी पुठ्ठा, शेवटची पानं गायब. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. सकाळी दूध आणायला गेलो तर दुकानदार सुटे मोजता मोजता म्हणाला, “काय रे, काल लई उशिरापर्यंत दिवा होता तुझ्या खोलीत?” त्याचं घर आमच्या आळीतही नव्हतं. पुस्तकातल्या रक्तपिपासूंनी फुटला नव्हता एवढा घाम मला तिथे फुटला.

मोठ्या शहरात भूत निघालं तर माणूस भाड्याची खोली बदलतो. गावात त्या भुताच्या मावशीला आपण ओळखत असतो.

तिकटी
मावशी पटली :) एक सूचना. टिपणात ‘झपाटलेलं गाव’ लिहू नका. माणूस झपाटतो. जागेबद्दल आपण ‘ती जागा चांगली नाही’ एवढंच म्हणतो, तेही आवाज खाली आणून. आणि ‘भूतिया’ तर नकोच, ते हिंदीतून उचललेलं. आपलं ‘भुताटकी’ काय वाईट आहे?

आता शीव, म्हणजे गावाची हद्द. सीमा या संस्कृत शब्दाचं शीव झालं. मुंबईचं शीव स्टेशनही त्यातलंच, त्याचंच पुढे सायन झालं. आपल्या गोष्टींतलं भूत बहुधा शिवेवर, तिठ्यावर, पाणवठ्यावर उभं असतं. उताऱ्याचा दहीभातही तिठ्यावरच ठेवतात. किंगचं भूत मात्र आत, शेजारच्या तळघरात. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला गावपळण होते. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव, गुरं-कोंबड्यांसकट, तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर झोपड्या घालून राहतं. कारण प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. अमेरिकन कादंबरी वाचताना आपण करवादतो ना, ‘अरे, निघून का जात नाहीत हे लोक?’ आचऱ्याचे लोक निघतात, भजनं म्हणतात, फुगड्या घालतात आणि परत येतात.

पानगळ
मग ‘गावकुसातली भयकथा’? आत घुसलेलं भय त्यात बरोबर येतं.

सातबारा
कानाला गोड, पण जपून. ‘गावकूस’ उच्चारलं की ‘गावकुसाबाहेर’ मागून येतंच, आणि कुसाबाहेर कोणाला ठेवलं होतं ते सांगायला नको. तिथल्या माणसाला भय भुताचं नव्हतं, कुसाच्या आतल्यांचं होतं. तसं लिहिणार असाल तर शब्द जरूर घ्या, पण तो निव्वळ करमणुकीच्या शीर्षकावर चिकटवू नका.

पानगळ
मान्य, हे डोक्यात आलं नव्हतं. ‘गावभय’ ठेवते. ‘लोकभय’ चालतं तर हेही चालावं. मधली सुट्टी, ‘लुचाई’च्या शेवटच्या पानांत काय होतं ते व्यक्तिगत निरोपात कळवू का?

मधली सुट्टी
नको. नवी प्रत घरात आहे, कपाटात. अजून उघडली नाही.