चवथीची खरेदी गावातच करायची, तर समितीला कसं पटवायचं?

खजिनदार, डिचोली
आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा हिशेब यंदा माझ्याकडे आहे. सभेत सूचना आली की किराणा, बक्षिसं, प्रसादाचं साहित्य सगळं मॉलमधून नाहीतर ऑनलाइन एकगठ्ठा मागवावं, स्वस्त पडतं. मला हे मुळीच पटत नाही. ज्यांच्या दारात वर्गणीची पावती घेऊन जायचं, त्यांच्याकडून नारळसुद्धा घ्यायचा नाही? पण सभेत भावनेने भागत नाही. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

भुसारी दुकानदार
ताई, वडिलांपासूनचं दुकान चालवतो, म्हणून दराचंच आधी बोलतो. साबण, बिस्किटं, डब्यातलं तेल यांत मॉलशी आमचा मेळ बसत नाही. कंपनी त्यांना जी सूट देते ती एजन्सी आम्हाला देत नाही. तिथे हट्ट धरू नका. नारळ, केळी, फुलं, पोहे, मूर्ती, समई इथे मात्र सोडू नका.

आता खरी गोष्ट. गावात घेतलंत तरी पैसे कधी देता, यावर सगळं आहे. एजन्सीची गाडी दर आठवड्याला येते आणि मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल उतरवत नाही. एका मंडळाचे पैसे माझ्याकडे दिवाळी तोंडावर आली तरी अडकले होते. नरकचतुर्दशीला घरोघर पोहे लागतात, आणि माझ्याकडे पोत्यांना द्यायला रोकड नाही. नेहमीची माणसं दारातून परत गेली. त्यांतली काही पुन्हा आलीच नाहीत. मॉलच्या काउंटरवर कुणी ‘चवथ झाली की बघू’ म्हणत नाही ना? ठरावातच घाला: माल पोचला की आठ दिवसांत पैसे. निम्मे आगाऊ दिलेत तर दरही कमी करीन, कारण रोखीने उचललं की घाऊकवाला मलाही सोडतो.

कुळागरातली
माटोळीचंही तेच, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवतात त्या चौकटीचं. सुपारीची शिपटं, नारळाची पेण, तोरिंगं आमच्याकडून जातात, पण कांगल्या, घागऱ्या असला रानचा माल बायका डोंगर तुडवून आणतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्याशी घासाघीस करणारे पाहिले की जीव तुटतो. चवथ सरली की तो माल कोण घेणार? समितीने यादी आधी द्यावी, दर तेव्हाच ठरवावा. भाजीचंही पाहा. बाजारात येते ती बरीचशी बेळगावची, पण मिरगाला डोंगरावर लावलेली गावठी भेंडी, दोडकी, चिबूड नेमके चवथीला तयार होतात. महाप्रसादाला तीच मागून घ्या, शेतकऱ्याला पुढच्या पावसात पुन्हा लावायला हुरूप येतो.

पेडणेकर
प्रसादाच्या पुडीत खाजे द्या. गूळ, बेसन, आलं, तीळ, आणि चार दिवस टिकतं. 2021 मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण खाजेकारांची दुकानं आपण जत्रेपुरतीच आठवतो. वर्षभराच्या कार्यक्रमांना सांगितलं तर त्यांच्या घरातली पुढची पिढी कढईपाशी उभी राहील.

खजिनदार, डिचोली
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांची अट आणि निम्मी आगाऊ रक्कम, दोन्ही ठरावात घालते. आगाऊ रकमेला आमचे जुने सभासद कुरकुर करतील, पण हा मुद्दा मी सोडणार नाही. मूर्तीसाठी पाट मूर्तिकारांच्या चित्रशाळेत पाठवतानाच थोडे पैसे द्यावेत असंही सुचवते, चिकणमाती आणि रंग त्यांनाही आधीच भरावे लागतात. बक्षिसांना स्टीलच्या डब्यांऐवजी आपल्या डिचोलीच्याच पितळी समया द्यायच्या म्हणतेय. कारागिरांना किती आधी सांगावं?

भुसारी दुकानदार
या आठवड्यातच सांगा. चवथीआधी सगळ्यांचीच घाई असते, आणि घडवायला हात मोजकेच उरलेत. नारळ किती लागतील तेही कळवा, बागायतदाराला मी उद्याच निरोप देतो.