‘आयर्लंडचे खासदार’ म्हणजे नेमके कोण?

विचारणा: एका बातमीचं भाषांतर करताना अडले आहे. ‘आयर्लंडचे खासदार स्ट्रासबुर्गला’ असं लिहिलं, तर डब्लिनच्या संसदेतली मंडळी निघाली असं वाटतं. स्ट्रासबुर्गला भरणाऱ्या युरोपीय संसदेत आयर्लंडमधून १४ जण निवडून जातात, त्यांना काय म्हणावं? ‘संसदपटू’ चालेल?

प्रतिसाद: ताई, ‘संसदपटू’ नको. तो शब्द आपण नाथ पै, मधू दंडवते यांच्यासारख्या सभागृह गाजवणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. कालपरवा निवडून आलेल्याला लावला तर त्याचं मोल जातं.

‘खासदार’ बरोबर आहे, फक्त एकटा सोडू नका. ‘युरोपीय खासदार’ म्हणा. आयरिश भाषेतही हा भेद आहे. डब्लिनच्या ‘डॉल’ सभागृहाचा सदस्य म्हणजे ‘त्याख्ता’, मुळात निरोप नेणारा, दूत. युरोपीय संसदेतल्या सदस्याला मात्र ‘फेशिरे’ म्हणतात. मालवणकडच्या वराड गावाशी नातं असलेले, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर २००७ ते २०२४ त्याख्ता होते, फेशिरे कधीच नव्हते. आता तर एकाच वेळी दोन्हीकडे बसताही येत नाही.

दुसरा प्रतिसाद: मला ‘खासदार’पेक्षा ‘आयर्लंडचे’ मधला ‘चे’ जास्त खटकतो. युरोपीय संघाच्या लिस्बन करारापूर्वी हे सदस्य ‘राज्यांतील (म्हणजे सदस्य देशांतील) जनतेचे प्रतिनिधी’ होते. २००९ च्या डिसेंबरात तो करार लागू झाला आणि ते ‘संघाच्या नागरिकांचे प्रतिनिधी’ झाले. सभागृहात ते देशवार बसतही नाहीत, राजकीय गटांनुसार बसतात.

‘आयरिश खासदार’ म्हणणंही जपूनच. आयर्लंडमध्ये राहणारा पोलंडचा नागरिक तिथून युरोपीय निवडणुकीला उभा राहू शकतो. ग्रीन पक्षाचे नेते डॅनियल कोह्न-बेंडिट यांचंच बघा. १९९४ मध्ये ते जर्मनीतून निवडून आले आणि १९९९ मध्ये फ्रान्समधून, तेही फ्रेंच नागरिकत्व नसताना! त्यांना ‘फ्रेंच खासदार’ लिहिणं साफ चूक ठरलं असतं. म्हणून ‘मधून’ वापरावं असं मला मनापासून वाटतं: ‘आयर्लंडमधून निवडून आलेले युरोपीय खासदार’.

विचारणा करणारी: पटलं, पण मथळ्यात एवढं मावत नाही हो. ‘आयर्लंडकडून’ केलं तर?

दुसरा प्रतिसाद: नको. ‘कडून’ म्हटलं की सरकारने धाडल्यासारखं होतं. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत मंत्री जातात, ते देशाकडून. इथे मतदारांनी निवडलंय. मथळ्यात ‘आयर्लंडमधील युरोपीय खासदार’ करा, पहिल्या वाक्यात उलगडा करा.

पहिला प्रतिसाद: एक भर घालतो. युरोपीय संसदेची थेट निवडणूक पहिल्यांदा १९७९ मध्ये झाली. आयर्लंड १९७३ पासून सभासद आहे, म्हणजे मधली सहा वर्षं तिथले प्रतिनिधी देशाच्या संसदेनेच नेमलेले असायचे. त्या काळाबद्दल लिहीत असाल तर ‘आयर्लंडकडून गेलेले’ हेच बरोबर, तिथे ‘निवडून आलेले’ लिहू नका.