ऊसदराची चर्चा दहा ठिकाणी, नोंद एका जागी कशी ठेवायची?

निपाणीकडचा
हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी भागात ऊसदराची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुप, फेसबुक, यूट्यूबच्या कमेंट, सगळीकडे एकदम चालते. निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. कोण काय बोललं ते चार दिवसांनी सापडत नाही. रोज अर्ध्या तासात जमेल असं काय करता येईल?

घटप्रभाकाठ
मजकूर उतरवत बसू नका ओ, लिंक जमवा. गूगल शीटमध्ये सहा रकाने करा: तारीख, ठिकाण, लिंक, बोलणारा कोण (शेतकरी, कारखाना, संघटना), आकडा, आणि तो तोडणी-वाहतूक धरून की वजा करून. हा शेवटचा रकाना चुकवू नका. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. एक जण हा आकडा धरतो, दुसरा हातात पडणारा सांगतो, आणि वाद वाढत जातो.

लिंकसाठी संगणकावर फेसबुक किंवा यूट्यूब उघडा आणि त्या कमेंटच्या वेळेवर क्लिक करा. वरचा पत्ता थेट त्याच कमेंटचा होतो. नुसती व्हिडिओची लिंक ठेवली तर शेकडो कमेंटांत पुन्हा शोधाशोध.

मलप्रभा_खानापूर
व्हॉट्सॲपच्या मेसेजला अशी लिंक नसते. तिथं आठवड्याला चॅट एक्स्पोर्ट करा, मीडियाशिवाय. तसं केलं तर शेवटचे ४०,००० मेसेज येतात, मीडियासकट फक्त १०,०००. ग्रुपला ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी लावली असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही. मग महत्त्वाच्या मेसेजला स्टार करा आणि त्याच दिवशी शीटमध्ये नोंद घ्या. पेपरच्या कात्रणांचे फोटो सर्चमध्ये येत नाहीत. गूगल लेन्सनं त्यातला मजकूर कॉपी करून शीटमध्ये टाका, आकडे मात्र डोळ्यांनी ताडून बघा.

अथणी_रोड
सर्चमध्ये एकच शब्द टाकला की निम्मं निसटतं. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, तिन्ही टाका. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं जुन्या पोस्टी जुन्याच नावानं सापडतात. उसाला कन्नडमध्ये कब्बु, तो कन्नड लिपीतच टाकायचा. शिवाय रोमन लिपीत मराठी लिहिणारे भरपूर, तेही स्पेलिंग ठेवा. हे सगळे शब्द शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवले की रोज कॉपी करता येतात. गूगल अलर्ट लावा, पण बातम्यांपुरताच. बंद ग्रुपातलं त्याला दिसत नाही.

निपाणीकडचा
आणि पोस्ट नंतर उडवली तर?

घटप्रभाकाठ
म्हणून लिंकसोबत स्क्रीनशॉट हवाच. त्यात नाव आणि तारीख दोन्ही दिसली पाहिजेत. फेसबुक "३ तासांपूर्वी" एवढंच दाखवतं, तेव्हा संगणकावर त्या वेळेवर माउस धरा, पूर्ण तारीख येते, मग शॉट घ्या. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं द्या, आपोआप क्रमानं लागतात. शीट दुसऱ्याला पाठवण्याआधी ग्रुपातले मोबाइल नंबर तेवढे काढा.