डेको डाइव्हला ‘कम्प्युटर सांगेल तसं वर या’? मला हे मान्य नाही

रावपुरेकर (शनिवार, रात्री ९.४०)

परवा आपल्या बडोद्याच्या डाइव्हिंग ग्रुपवर मेसेज आला: ‘टेबलं शिकायचे दिवस गेले. चांगला कम्प्युटर घ्या, तो सांगेल तिथे थांबा, सांगेल तेव्हा वर या. कागदावर हिशोब मांडणारे नुसतं शहाणपण मिरवतात.’ खाली अकरा अंगठे. त्यातले दोन अंगठे अशा पोरांचे, ज्यांनी लालबागच्या तलावाबाहेर अजून पाठीवर टाकी घेतलेली नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. (डेको डाइव्ह म्हणजे असा खोल, लांब डाइव्ह, ज्यात शरीरात मुरलेला नायट्रोजन निघावा म्हणून वर येताना ठरलेल्या खोल्यांवर ठरलेली मिनिटं थांबावं लागतं. टेबल म्हणजे त्या थांब्यांचा छापील तक्ता; कम्प्युटर तोच हिशोब मनगटावर करतो.)

माझ्याकडे कम्प्युटर आहेत, एक नव्हे दोन. त्यांच्याशिवाय मी उतरत नाही. पण मनगटावरच्या त्या यंत्राला आपणहून दोनच गोष्टी कळतात, दाब आणि वेळ. तुम्ही कोणता गॅस ओढताय ते त्याला कळत नाही. तुम्ही सांगाल ते तो खरं धरतो. टाकीला ट्रान्समीटर लावला तरी टाकीत किती उरलंय एवढंच समजतं, आत काय भरलंय ते नाही. रीब्रीदरमध्ये, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजनचे सेन्सर असतात, तो विषय वेगळा. इथे बोलतोय ते साध्या टाक्यांबद्दल.

दहबला तांबड्या समुद्रात ४५ मीटरवर होतो, तळाची वेळ २५ मिनिटं. पाठीवर हवा, कुशीत ५० टक्के ऑक्सिजनची बाटली, वर येताना नायट्रोजन लवकर निघावा म्हणून. आदल्या दिवशी शुद्ध ऑक्सिजनचीही बाटली होती, त्या दिवशी नव्हती. कम्प्युटरमधल्या गॅसच्या यादीतून तो ऑक्सिजन काढायचा माझ्याकडून राहून गेला. तळाशी मनगट बघतो तर वर यायला १९ मिनिटं. स्लेटवर आदल्या रात्री मीच पेन्सिलीने २७ लिहिलेले, ७ चा पाय थोडा पुसलेला. दोनदा स्लेट बघितली, दोनदा मनगट. त्या खोलीवर हवेतल्या नायट्रोजनची धुंदी असतेच, साधी वजाबाकीही जड जाते. मग उजेड पडला की हा गडी ६ मीटरवर मला ऑक्सिजन मिळणार असं धरून बसलाय. मेनूत जाऊन तो गॅस बंद केला, आकडा २६ वर आला.

स्लेट नसती तर? १९ हा आकडा मला बरा वाटला असता. ६ मीटरवर आल्यावर यंत्राने ‘गॅस बदला’ म्हटलं असतं आणि मी सवयीने बटण दाबलं असतं तर, छातीत ५० टक्के जात असताना, त्याने शुद्ध ऑक्सिजनचा हिशोब करून मला लवकर मोकळं केलं असतं. उत्तर साधारण किती यायला हवं हे ज्याला आधी ठाऊक असतं त्यालाच चुकीचं उत्तर ओळखता येतं. अकरा अंगठ्यांपैकी कितींना ते ठाऊक आहे?

मांजलपूरवाला (रात्री १०.२५)

तो मेसेज माझा. नाव घेतलं नाहीस, पण सगळ्यांना कळलं. तोंडावर सांगायला हवं होतंस.

तुझ्याच गोष्टीत चूक कुणाची? यादी तू साफ केली नाहीस. तोच तू स्लेटवर लिहितोस. उद्या ४५ ऐवजी ४२ चा रकाना उतरवलास तर स्लेट ओरडणार आहे का?

टेबल धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागी बसून होता. असं कोण करतं? भिंतीवर माणूस वर-खाली होत असतो. कम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली घेतो आणि ब्यूलमानच्या सोळा कप्प्यांचा (कमी-जास्त वेगाने गॅस शोषणारे शरीराचे कल्पित भाग) हिशोब नव्याने करतो. पाच मिनिटांत अर्धा भरणाऱ्या कप्प्यापासून ६३५ मिनिटं घेणाऱ्यापर्यंत. वर हेलियमचे वेगळे, कारण तो आत-बाहेर जायला नायट्रोजनपेक्षा कितीतरी जलद. १८/४५ ट्रायमिक्स (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन) घेऊन ६० मीटरवर पाच मिनिटं जास्त झाली तर तू पेन्सिल काढणार? १९०८ साली हाल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून टेबलं काढली तेव्हा दुसरं साधन नव्हतं. आज आहे.

आणि कागदी शहाणपणाचंच बोलायचं तर खोल थांब्यांचं काय झालं? वर्षानुवर्षं लोक डोक्यात हिशोब करून खोलवर थांबत होते, बुडबुडे तिथेच आवरतात म्हणून. अमेरिकन नौदलाने २०११ साली अहवाल काढला. ५२ मीटर, ३० मिनिटं, हवेवर, दोन्हीकडे वर यायचा एकूण वेळ सारखाच. उथळ थांब्यांच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना बेंड्स (शरीरात गॅसचे बुडबुडे होऊन जडणारा आजार), खोल थांब्यांच्या १९८ मध्ये ११ जणांना. पेन्सिलवाल्यांना हे पेन्सिलीने कळलं नव्हतं.

रावपुरेकर (रात्री १०.५०)

खोल थांबे सांगणारी मॉडेलं त्या काळी कम्प्युटरमध्येही होती की! लोकांनी पैसे मोजून घेतली, ‘यंत्र सांगतंय’ म्हणून खोलवर थांबले. यंत्र मॉडेलच्या पुढे जात नाही, हे तूच सिद्ध केलंस.

ग्रेडियंट फॅक्टरचंही तेच, म्हणजे मॉडेलच्या हद्दीच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते दोन आकडे: पहिला सगळ्यात खोल थांब्यासाठी, दुसरा पाण्याबाहेर येताना. ग्रुपमधल्या किती जणांना सांगता येईल की ३०/७० वरून ४५/९५ केलं तर शरीरावर नेमकं काय वाढतं? दुकानातून जे सेट होऊन आलं तेच चालू आहे.

प्राची_कारेलीबाग (रात्री ११.०५)

मी अजून डेको करत नाही, पण हे माझ्याबाबतीत घडलंय म्हणून लिहिते. अंदमानात हॅवलॉकला भाड्याचा कम्प्युटर मिळाला. घड्याळ माझ्या हातात आणि इन्स्ट्रक्टर समजावत होता माझ्या नवऱ्याला, जो त्या दिवशी पाण्यात उतरणारही नव्हता! पट्टा इतका मोठा की शेवटच्या भोकातही सैल; अख्खा डाइव्हभर तो मनगटाच्या आतल्या बाजूला घसरत होता. बायकांची मनगटं यांनी कधी पाहिलेलीच नाहीत का?

दुसऱ्या डाइव्हनंतर मीच मेनू उघडला तेव्हा दिसलं, आधीच्या पाहुण्याचं ३२ टक्के ऑक्सिजनचं सेटिंग तसंच राहिलेलं. माझ्या टाकीत साधी हवा. म्हणजे दोन्ही डाइव्हमध्ये तो माझा नायट्रोजन कमी मोजत होता. सांगितल्यावर उत्तर आलं, ‘काही होत नाही मॅडम, खोल कुठे गेलात.’ त्यामुळे रावपुरेकरांशी सहमत. नशीब, विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, मध्ये सोळा तास तरी गेले.

अलकापुरी_सेकंड (रात्री ११.१२)

सोळा तास? आणि नशीब म्हणता? एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर विमानाआधी किमान १८ तास हा नियम आहे. डेको केला असेल तर त्याहून बराच जास्त, लोक २४ धरतात. विमानाची केबिन २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखी असू शकते. इकडे मिनिटांवर वाद घालायचे आणि तिकडे तासच्या तास खायचे!

प्राची_कारेलीबाग (रात्री ११.२०)

तिकिटं मी काढली नव्हती. आणि कम्प्युटर विमानाआधी ११ तासच थांबा म्हणत होता.

अलकापुरी_सेकंड (रात्री ११.२४)

जो तुमचा नायट्रोजन कमी मोजतोय त्याच्यावर विमानासाठी विश्वास ठेवलात.

प्राची_कारेलीबाग (रात्री ११.३०)

हो, ठेवला. ते चुकलं, मान्य. पण सूर जरा नीट ठेवा.

तरसालीकर (रात्री ११.३८)

म्हणूनच मी म्हणतो, गोवा-कर्नाटक करा आणि रेल्वेने या. मडगावहून बडोद्याला थेट गाडी आहे, कोकण रेल्वे समुद्राला धरून चालते, उंचीचा प्रश्नच नाही. आमच्या ग्रुपला मात्र विमानाची हौस, दोन तास वाचवायला.

मांजलपूरवाला (रात्री ११.४५)

रेल्वेत एक रात्र जाते. नोकरदार माणसाने रजा कुठून आणायची? आणि अंदमानला रेल्वे नाही. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, विषय संपला. मी तसंच करतो.

तरसालीकर (रात्री ११.५२)

रस्त्याने गेलात तरी चालतं. तीन आठवड्यांपूर्वी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोन डाइव्ह केले, दुपारी मुरुडेश्वरहून गाडी काढली, अरबैल घाटाने रात्री बेळगावला मेहुणीकडे जेवायला हजर. विमान नाही, काही नाही.

पाणबुडेकाका (रविवार, सकाळी ६.१०)

पहाटे उठून वाचतोय. तरसालीकर, बेळगाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. दुपारी डाइव्ह करून रात्री तिथे जेवलात, म्हणजे अर्धं विमानच केलंत. शरीराला चाकं आणि पंख यातला फरक कळत नाही, दाब उतरला एवढंच कळतं. तुम्हाला त्या रात्री काही झालं होतं का? खरं सांगा.

आता मूळ मुद्दा. बॉम्बे हायच्या कामावर माझी सोळा वर्षं गेली. तुम्ही दोघं कागद की यंत्र म्हणून भांडताय. आमच्याकडे पाण्यातला माणूस स्वतःचा हिशोब करतच नव्हता. हवेची नळी वरून, बोलायची तार वरून, आणि खोली मोजायची बारीक नळी छातीशी बांधलेली. तिच्या तोंडातून बुडबुडे सुटले की वर काटा स्थिर व्हायचा आणि सुपरवायझर फळ्यावर आकडा लिहायचा. टेबलात तुमची खोली दोन रकान्यांच्या मध्ये पडली तर पुढचा खोल रकाना, वेळ मध्ये पडली तर पुढची जास्त वेळ. थंडी असेल, काम जड असेल तर आणखी एक रकाना. हा निर्णय कोरड्या जागी बसून चहा प्यायलेल्या माणसाचा. मी खाली ४८ मीटरवर वेल्डिंगची जागा घासत असताना मला कुणी सतराचा पाढा विचारला असता तर आला नसता.

बेंड्सवर दाबाने उपचार करायचा चेंबरही डेकवरच. बेंड्स झाला तर काही मिनिटांत आत. तुम्ही लोक चेंबरपासून किती तासांवर डाइव्ह करता याचा विचार कुणी करत नाही. तेवढ्यासाठी तरी थांबे जास्त ठेवा.

(एका ठेकेदाराने माझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या मेडिकलचे पैसे आजवर दिलेले नाहीत. लांब हाडांचे एक्स-रे मी पदरचे घालून काढले. खांदा आणि मांडीच्या सांध्यातलं हाड आतून मरतं, दुखेपर्यंत कळत नाही. ते राहू दे.)

रावपुरेकर (सकाळी ८.१५)

काका, इथे मी थोडा मागे सरकतो. वरचा माणूस आमच्याकडे नाही. त्याची जागा घ्यायला म्हणून स्लेट आहे: आदल्या रात्रीचा, कोरडा, चहा प्यायलेला मी. पाण्यातल्या धुंद माझ्याला तो सांगतो. म्हणून ती जोडीदारालाही दाखवायची, आणि २१ मीटरवर गॅस बदलताना त्याने माझी नळी बाटलीपासून तोंडापर्यंत बोटाने तपासायची, मगच बटण. ५० टक्के चुकून ३० मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा दाब २.० होतो. १.६ ही थांब्यावरची हद्द. जास्त ऑक्सिजनने खाली झटका आला तर रेग्युलेटर तोंडातून सुटतो. यंत्र त्या वेळी काय दाखवत होतं हे नंतर बघायला मिळतं, दुसऱ्यांना.

मांजलपूरवाला (सकाळी ९.००)

हे तू काल लिहिलं असतंस तर मी भांडलोच नसतो. जोडीदाराने नळी तपासणं मीही शिकवतो.

पण टेबल पाठ करायला लावण्याला माझा विरोध कायम. प्लॅन करायचा तर लॅपटॉपवर त्याच मॉडेलने, त्याच ग्रेडियंट फॅक्टरने करा. पाच मिनिटं जास्त झाली तर, ३ मीटर खोल गेलो तर, एक गॅस गेला तर, असे तीन पर्याय छापून लॅमिनेट करा. ते टेबलच झालं म्हणशील. म्हण.

रावपुरेकर (सकाळी ९.१०)

तेच म्हणतोय. मग मेसेजमध्ये ‘दिवस गेले’ कशाला?

मांजलपूरवाला (सकाळी ९.२०)

मेसेज मागे घेणार नाही. ‘शहाणपण मिरवतात’ हे वाक्य काढतो, ते तुला उद्देशून नव्हतं. आणि ‘कम्प्युटर घ्या’च्या आधी ‘प्लॅन लिहा’ टाकतो. तुझा ४५ मीटरचा प्लॅन बघू दे. २७ कसे आले ते तपासतो, मला २५ येतायत.

रावपुरेकर (सकाळी ९.३२)

माझा ३०/७० आहे. तुझा किती?

मांजलपूरवाला (सकाळी ९.३५)

४०/८५. ठीक आहे, फरक तिथे आहे.

प्राची_कारेलीबाग (सकाळी ९.५०)

तुम्ही दोघं कागद लिहून झालात तर पट्ट्यांचं कुणी बघणार आहे का? आणि काकांनी पहाटे विचारलंय त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तरसालीकर?

तरसालीकर (सकाळी १०.२०)

त्या रात्री डावा खांदा दुखत होता. टाक्या उचलल्यामुळे असेल म्हणून बाम लावून झोपलो. अजून हात वर केला की आत ठणकतं. इतके दिवस झाले, आता काय होणार?

पाणबुडेकाका (सकाळी १०.२४)

ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर जा, पण आधी सांगा की डाइव्ह केला होता आणि घाट चढलो. नाहीतर ते फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायाम देतील. डाइव्हिंगच्या आजारांचे जाणकार मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहेत, इथल्या डॉक्टरांना तिथे बोलायला सांगा. दोन्ही डाइव्हच्या खोल्या आणि वेळा कम्प्युटरमधून उतरवून घ्या, बेळगावला किती वाजता पोचलात तेही लिहा. आज दुपारी मला फोन करा, नंबर ग्रुपवर आहे. केलात की इथे लिहा.

तरसालीकर (दुपारी १.१५)

केला. मंगळवारची वेळ मिळाली. लॉगमध्ये दुसरा डाइव्ह २७ मीटर दाखवतोय, मी सगळ्यांना २० सांगत होतो.