अँगल कॉक भिंतीतच तुटला, मेन वाल्वही बंद होईना

घणसोलीकर: बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा नळ) तुटला, आटे भिंतीतच अडकलेत. मेन वाल्व नुसता गोल फिरतो, पाणी चालूच. प्लंबर संध्याकाळी येणार.

पानापक्कड: गेट वाल्व असेल तर आतली चकती दांड्यापासून सुटलीय, कितीही फिरवा, फुकट. गच्चीवरच्या टाकीचा तुमच्या लाइनचा वाल्व बंद करा. त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर महाभारत. गीझर बंद ठेवा.

नळदमयंती: पाणी थांबलं की अडकलेल्या तुकड्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटलेले आटे बाहेर काढायचं हत्यार) हलकेच ठोकून डावीकडे फिरवा. हॅकसॉ ब्लेडने कापत बसू नका, आतले आटे जातात. मग अर्धा इंची एंड प्लग (भोक बंद करायचं आट्यांचं बूच), त्यावर टेफ्लॉन टेपचे 10-12 वेढे. आधी हाताने, नंतर पान्याने जेमतेम एक फेरा. जास्त आवळून भिंतीतला सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाइपचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तडकला तर टाइल फोडावी लागेल.

घणसोलीकर: प्लग बसला, पण थेंब थेंब गळतंय.

नळदमयंती: टेप उलटी गुंडाळली असणार, आवळताना ती गोळा होते. प्लगचे आटे तोंडासमोर धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा.

पानापक्कड: आणि त्या गेट वाल्वच्या जागी बॉल वाल्व टाकून घ्या. पाव फेऱ्यात बंद होतो.