अल्फा ०.८९ आला, तरी गाईड विचारतात ‘वैधता कुठे आहे?’

टिपणवही:
‘कामाचा ताण’ मोजणारी प्रश्नावली तयार केली आहे. चार उपघटक: कामाचा बोजा, भूमिकेतली अस्पष्टता, वरिष्ठांचा आधार, घर-काम ओढाताण. प्रत्येकी ८, एकूण ३२ विधानं, पाच पर्यायांची लिकर्ट श्रेणी (पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत). ४० जणांवर पायलट (पूर्वचाचणी) केला, क्रॉनबाख अल्फा (विधानं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.८९ आला. पण ‘वरिष्ठांचा आधार’ एकट्याचा काढला तर ०.४१! गाईड म्हणतात, ही झाली विश्वसनीयता (मोजमापातलं सातत्य), वैधता (जे मोजायचं तेच मोजतोय का) कुठे आहे? याच ४० जणांच्या डेटावर घटक विश्लेषण (कोणती विधानं एका गटात पडतात ते शोधणं) केलं तर चालेल का? आणि त्या ०.४१ चं काय करू?

वर्गमूळ:
आधी त्या ०.८९ वरचा विश्वास थोडा कमी करा. विधानं वाढवली की अल्फा फुगतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन विधानांचे गुण किती सोबत बदलतात) फक्त ०.२० धरा. ३२ गुणिले ०.२० म्हणजे ६.४, त्याला (१ + ३१ × ०.२०) म्हणजे ७.२ ने भागा. आला ०.८९. तोच ०.२० आठ विधानांना लावला तर जेमतेम ०.६७. शिवाय चार वेगळ्या गोष्टींचा मिळून एक अल्फा काढण्यात अर्थ नाही. प्रत्येक उपघटकाचा स्वतंत्र द्या.

०.४१ मागे बहुतेक वेळा एकच कारण निघतं: नकारार्थी विधानांचे गुण उलटवायचे राहिलेले असतात. पाचच्या श्रेणीत नवा गुण = ६ वजा जुना गुण. सॉफ्टवेअरमध्ये विधान आणि उरलेल्या विधानांची बेरीज यांच्यातल्या सहसंबंधाचा रकाना असतो, तो बघा. तिथे आकडा उणे असेल तर गुण उलटवायचा राहिलाय. अधिक पण ०.३० च्या खाली असेल तर विधानाची भाषा तपासा. ‘हे विधान काढल्यास अल्फा’ हा रकाना बघून धडाधड विधानं उडवू नका. ४० जणांत तो आकडा योगायोगानंही हलतो.

टिपणवही:
अगदी तेच! तीन विधानं उलटवली नव्हती. आता ०.७२ आला. एकाचा सहसंबंध मात्र अजून ०.११ आहे: ‘माझे वरिष्ठ माझ्या अडचणी ऐकून घेतात आणि त्या लगेच सोडवतात.’

कोरा_कागद:
त्या ‘आणि’नं घात केलाय. वरिष्ठ ऐकून घेतात पण सोडवत काहीच नाहीत, अशा माणसानं कुठे खूण करायची? तो ‘तटस्थ’वर करतो आणि तुम्ही त्याला मत नाही असं समजता. दोन विधानं करा आणि ‘लगेच’ काढून टाका. कुणाचं लगेच म्हणजे तासाभरात, कुणाचं आठवड्यात.

नकारार्थी विधानांचंही तसंच. ‘मला वरिष्ठांकडून मदत मिळत नाही’ यावर ‘असहमत’ म्हणजे मदत मिळते, हा उलटा हिशेब विसाव्या विधानापर्यंत दमलेला माणूस करत नाही. ‘नाही’ न वापरता लिहिता आलं तर बघा: ‘अडचणीच्या वेळी वरिष्ठ हात वर करतात.’ गुण मात्र याचेही उलटवावे लागतील.

खरं तर वैधतेचं अर्धं काम इथेच आहे. उत्तरदात्यांसारखेच ६ ते ८ जण घ्या, एकेकाला समोर बसवा आणि प्रत्येक विधानावर विचारा: हे तुमच्या शब्दांत सांगा. हाच पर्याय का निवडलात? ‘ताण’ म्हणजे काहींना कामाचा ढीग वाटेल, काहींना जिवाची घालमेल. ‘गेल्या महिन्यात’ म्हणजे कुणाला कॅलेंडरमधला मागचा महिना, कुणाला आजपासून मागचे ३० दिवस. सरळ ‘गेल्या ३० दिवसांत’ लिहा. दुरुस्त्या करून नव्या ५-६ जणांसोबत पुन्हा हेच करा. हा दोष अल्फात दिसत नाही. सगळ्यांनी चुकीचा अर्थ एकसारखाच लावला तर अल्फा उलट छानच येतो.

मोजपट्टी:
गाईडना दाखवायला आशय वैधता (विधानं विषयाला धरून आहेत का, याची तज्ज्ञांकडून तपासणी) लागेल. आधी प्रत्येक उपघटकाची दोन ओळींची व्याख्या लिहा. ती न देता तज्ज्ञांकडे विधानं पाठवली तर ‘चांगली आहे प्रश्नावली’ एवढंच उत्तर येतं. १० तज्ज्ञांना प्रत्येक विधानासमोर तीन पर्याय द्या: अत्यावश्यक, उपयुक्त पण आवश्यक नाही, अनावश्यक. लॉशे या संशोधकाचं आशय वैधतेचं गुणोत्तर (१९७५) असं: ‘अत्यावश्यक’ म्हणणारे वजा निम्मे तज्ज्ञ, भागिले निम्मे तज्ज्ञ. १० पैकी ९ असतील तर ०.८०, ८ असतील तर ०.६०. त्याच्या तक्त्यात १० तज्ज्ञांसाठी किमान मर्यादा ०.६२ आहे, म्हणजे ८ वाल्या विधानावर पुन्हा काम करावं लागेल.

४० वर घटक विश्लेषण करू नका. ३२ विधानांना किमान २००, जमल्यास ३०० उत्तरं हवीत. किती घटक ठेवायचे हे ‘आयगेन मूल्य (घटकानं डेटातला किती फरक टिपला त्याचं माप) १ पेक्षा जास्त’ या नियमावर सोडू नका, तो नको तितके घटक दाखवतो. समांतर विश्लेषण करा, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक डेटाशी तुलना. तुमच्या चार घटकांची पुष्टी करायची तर त्यासाठी वेगळा नमुना लागतो. विधानांची भाषा बदलल्यावर पायलटचे ४० जण मुख्य डेटात मिसळायचे नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

पुनर्चाचणी (त्याच लोकांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं) दोन आठवड्यांनी घ्या. तिथे पिअरसनचा सहसंबंध देऊ नका. सगळ्यांचे गुण दुसऱ्यांदा तीनने वाढले तरी तो १ च दाखवतो. आंतरवर्गीय सहसंबंध गुणांक (दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, त्यातही ‘पूर्ण जुळणी’ हा प्रकार निवडा. आणि दुसऱ्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा: ‘गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या कामात काही मोठा बदल झाला का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यांची आकडेमोड वेगळी ठेवा.